पाय टेकण्यापुरती जमीन

माणसाची उंची आपल्याकडे फूट-इंचांत सांगतात आणि मोटारसायकलच्या सीटची मिलिमीटरमध्ये. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ‘मुलगा पाच फूट पाच’ म्हटलं की मुलीकडची मंडळी मनातल्या मनात दोन इंच वजा करतात. जगाचा अनुभव असतो त्यांना. पण ‘सीट हाइट ८०० एमएम’ म्हटलं की कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. मिलिमीटर म्हणजे इवलीशीच गोष्ट, ती आठशे असली म्हणून असून असून किती असणार? तर साडेएकतीस इंच असते. वजाबाकी करून उरलेल्या पाच फूट तीन इंचांच्या माणसाचा पाय जांघेपासून टाचेपर्यंत एकोणतीस इंचांच्या आतबाहेर भरतो. मधले अडीच इंच हा या लेखाचा विषय.

पूर्वी हे अडीच इंच नव्हते. पुण्याच्या कायनेटिकनं १९७२ साली लूना आणली, तिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे आणि वर गुडघे वाकवायला जागा शिल्लक राहायची. बजाजच्या स्कूटरला सुरू होण्याआधी तिरकं व्हायची सवय होती, पण तिच्यावरून कुणाचे पाय लोंबकळल्याचं ऐकिवात नाही. १९९४ साली स्प्लेंडर आली. आजच्या स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आहे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या जरा अलीकडेच अडते, हे ध्यानात ठेवून कुणीतरी ती आखली असावी. अख्खा रायगड जिल्हा तिच्यावर बसून बाजाराला, शेतावर आणि हळदीला जाऊन आला.

मग लोकांना डोंगर दिसायला लागले. म्हणजे डोंगर होतेच. पनवेलमध्ये कुठल्याही उंचशा गच्चीवर गेलं की एकीकडे प्रबळगड आणि त्याच्या कडेला कलावंतीण, दुसरीकडे कर्नाळ्याचा सुळका. आमचे वाडवडील तिथं पायी जात. पण त्यासाठी खास मोटारसायकल लागते, हे ज्ञान २०१६ नंतरचं. त्या वर्षी हिमालयन आली, सीट ८००. २०१९ मध्ये एक्सपल्स, ८२३. त्यानंतर आलेली केटीएमची ३९० ॲडव्हेंचर ८५५. पुढे एक्सपल्सचीच ‘प्रो’ आली, ती ८९१, म्हणजे पस्तीस इंच. तिच्याशेजारी उभं राहून मला सीटवर कोपर टेकवता येतं आणि चहाही पिता येतो. बसता मात्र येत नाही. डकार रॅलीच्या गाड्या तर साडेनऊशेच्याही पुढे जातात. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये ती रॅली पुरी केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण एक गोष्ट सांगून ठेवतो : डकारच्या वाटेवर सिग्नल नसतात.

पनवेलकर अशी उंच गाडी हौसेनं घेतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं भर श्रावणात पळस्प्याहून पेणला जाऊन यावं. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा रुंद करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली मुलं आता लायसन्स काढून त्याच रस्त्यावर गाडी चालवतात. रस्ता बऱ्याच ठिकाणी झालाय, काही ठिकाणी होतोय, आणि जिथं झालाय तिथं दर पावसाळ्यानंतर पुन्हा होतो. उलट दिशेला कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग आहे, अगदी गुळगुळीत. तिथं दुचाकीला मनाई. तेव्हा आमच्या वाट्याला जे रस्ते येतात त्यांवर पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असलेली गाडी हीच शहाणपणाची. खड्ड्याला उंच गाडी लागते आणि पायाला बुटकी. दोघांत तडजोड करायची तर कुणीतरी नमतं घ्यायला हवं, आणि खड्डा काही घेत नाही.

माझ्या गाडीचं नाव सांगत नाही. तिच्यात दोष नाहीच. दोष असलाच तर आमच्या घराण्यात आहे. चार पिढ्यांत फळीवरच्या डब्याला स्टुलाशिवाय कुणाचा हात पोचलेला नाही. गाडी दाखवणाऱ्या मुलानं मला वर बसवलं, मी दोन्हीकडे चवडे ताणले, तेव्हा तो म्हणाला, “सर, दोन पाय कोण टेकवतं? एक टेकला की झालं.” स्वतः सहा फूट होता. दोन्ही तळवे फरशीवर सपाट ठेवून, गुडघे वाकवून त्यानं मला ही विद्या सांगितली.

विद्या खोटी नाही, हे कबूल करायला हवं. बुटके चालवणारे जगभर तेच करतात : थांबायच्या आधी बूड सीटवरून डावीकडे सरकवायचं, डावा पाय पुरता खाली सोडायचा, उजवा ब्रेकवर. दानी पेद्रोसा नावाचा स्पॅनिश गडी, उंची जेमतेम पाच फूट तीन, वजन पन्नासच्या आसपास. त्यानं असल्या देहयष्टीवर मोटोजीपीच्या दांडग्या होंडा हाकल्या आणि त्या वरच्या वर्गात ३१ शर्यती जिंकल्या. गॅरेजमधला पोरगा मला हे दर भेटीत ऐकवतो. पण पेद्रोसाला शर्यत सुरू होईपर्यंत भोवती माणसं असत, आणि शर्यत संपल्यावर गाडी धरायलाही. मला टपाल नाक्यावर एकट्यानं थांबायचं असतं.

एका पायावर भिस्त ठेवायची म्हटलं की गावाचा नकाशाच बदलतो. मला आता पनवेलमध्ये दुकानं दिसत नाहीत, कडा दिसतात. कुठल्या सिग्नलला डावीकडे फूटपाथची कड आहे, कुठं दुभाजक हाताशी आहे, कुठं गटाराचं झाकण वर आलंय (लोक त्याबद्दल तक्रार करतात, मला त्याचा आधार आहे). एसटी स्टँडसमोर उड्डाणपुलाखाली गर्दी अंगावर आली की मी आधी पुढच्या रिक्षाच्या चाकाकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. शिवाय रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता बांधतात, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. पाणी जात नाही. उतार तेवढा राहतो. आपण पडलो डावीकडून जाणारे, म्हणजे डाव्या पायाला जमीन आणखी इंचभर खाली मिळते. उजवीकडे ती जवळ असते, पण उजवा पाय ब्रेक सोडून जाऊ शकत नाही. रस्ते बांधणाऱ्यांनी आणि गाडी बनवणाऱ्यांनी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

आणि हे उन्हाळ्यातलं. कंपनी सीटची उंची सपाट फरशीवर मोजते. जुलैमध्ये पनवेलच्या रस्त्यावर जिथं गाडी थांबते, तिथं सीटची खरी उंची म्हणजे ८०० अधिक खड्ड्याची खोली. खोली पाण्याखाली असल्यामुळे ती पाय सोडल्यावरच कळते. पाय जातो, पाणी लागतं, माणूस हुशारतो की आली जमीन, आणि जमीन येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात मी कुलदैवताची, विम्याच्या हप्त्याची आणि मागून येणाऱ्या एसटीची आठवण काढतो.

पुढची अडचण मागे बसते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे : मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला पायरी हवी, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान निम्मं मागचं चाक झाकलेलं हवं. इतकं सगळं बारकाईनं लिहिलंय, पण चढायचं कसं याबद्दल नियमात अक्षर नाही. बायको साडी सावरत डावीकडून येते, पायरीवर पाय ठेवते आणि एक हात माझ्या खांद्यावर टाकते. त्या क्षणी तिचं सगळं वजन गाडीच्या डाव्या अंगाला, आणि गाडीचं सगळं वजन माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर.

“अहो, धरलीय ना नीट?”

“तू चढ गं.”

“धरलीय का विचारतेय.”

बोलायला श्वास कुठे असतो? पण ती एकदाची बसली की चमत्कार होतो. मागचा शॉकअप दबतो, गाडी खाली जाते आणि माझ्या टाचा जमिनीला लागतात. एकटा असताना जो माणूस बगळ्यासारखा एका पायावर तोल सावरतो, तो बायको मागे बसताच दोन पायांवर भक्कम उभा. तिच्यामुळेच माझे पाय जमिनीवर आहेत, हे ती लग्नापासून सांगत आली होती. आता त्याला तांत्रिक पुरावा मिळाला. तो मीच तिला उत्साहानं समजावून सांगितला. म्हणजे माझं वजन काढलंत, असं ती म्हणाली. तो विषय पेणपर्यंत पुरला.

पण किल्ली तिथंच होती. वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते, हे काही विधिलिखित नसतं. ते फिरवून बदलता येतं. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला एका टोकाला कॉलर असते. घट्ट केली की गाडी वर राहते, सैल केली की खाली बसते. साध्या स्प्लेंडरलासुद्धा मागे पाच खाचा दिलेल्या असतात : एकटा माणूस असेल तर खालची, नवरा-बायको-मुलं-गॅसची टाकी असेल तर वरची. या देशात कोट्यवधी गाड्या पाच खाचांसह विकल्या गेल्या, आणि शोरूममधून निघताना ज्या खाचेवर होत्या त्याच खाचेवर भंगारात गेल्या. खाच बदलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यासाठी लागणारा आकडीचा पाना काही गाड्यांबरोबर फुकट मिळतो. आमच्या घरात तसा एक आहे, त्याचा उपयोग पाण्याच्या टाकीचं झाकण उचकटायला होतो.

म्हणून गॅरेजात गेलो. पनवेलमध्ये गाडी ठीकठाक करून घेणं ही फार जुनी परंपरा आहे, हे इथं सांगायला हवं. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, आणि मुंबईहून पुण्याला जायचं तर खाडीतून होडीनं पनवेलला यायचं आणि पुढे घाटाचा रस्ता धरायचा, असा शिरस्ता पडला. देशावरून माल घेऊन बैलगाड्या घाट उतरून यायच्या. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत पनवेलचा मोठा धंदा म्हणून मीठ नाही, मासळी नाही, गाड्या आणि गाड्यांची चाकं बनवण्याची नोंद आहे. देशावरची गाडी आली की इथलं चाक घालून परत जायची. तेव्हा घाट उतरून आलेलं वाहन कुरकुरतंय आणि भोवती चार पनवेलकर उभे राहून मत देताहेत, या दृश्याला निदान दीडशे वर्षं झाली असतील. चाकाला रबर लागलं आणि बैल गेले, एवढाच फरक.

मिस्त्री आगरी, बोलायला फटकळ आणि हाताला सोन्यासारखा. त्यानं मला वर बसवलं, चवड्यांकडे बघितलं आणि विचारलं, “शेठ, गारी चालवाची हाय का गारीवरशी उतराचा हाय?” मग टेप काढली.

हे माप घेणं बघण्यासारखं असतं. आधी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करायचं आणि चाकाच्या नटापासून वर सीटखालच्या पॅनेलवर पेन्सिलनं केलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजायचं. मग चाक खाली, माणूस वर, दोन्ही पाय फूटरेस्टवर, आणि पुन्हा तेच अंतर. दोन्हींतला फरक म्हणजे माणसाच्या वजनानं गाडी किती बसली ते. मागच्या चाकाला वरखाली व्हायला १८० मिलिमीटर वाव असेल तर त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग, म्हणजे ४५ ते ६०, माणूस बसल्याबसल्या खर्च व्हावा असा ढोबळ हिशेब आहे. उरलेला खड्ड्यांसाठी. या कामाला तीन माणसं लागतात : एक बसायला, एक गाडी धरायला, एक मोजायला. पनवेलमध्ये चौथा टेपवरचा आकडा मोठ्यानं वाचतो, पाचवा तो चूक वाचल्याचं सांगतो, आणि बाकीचे चहा सांगतात.

फरक ३५ भरला. मिस्त्रीनं माझ्याकडे दयेनं बघितलं. “गारीची चूक नाय. तुमचा वजनच नाय.” स्प्रिंग कुठल्या तरी भरल्या अंगाच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बसवलेली होती, माझ्या अठ्ठावन्न किलोंची तिनं दखलच घेतली नव्हती. मिस्त्री खाली वाकला, पाना अडकवला आणि हातोडीनं हलके ठोके देत कॉलर फिरवू लागला. कॉलर सैल केली की स्प्रिंग मऊ होते, असं गर्दीतल्या एकानं जाहीर केलं. तसं होत नाही. स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. ती आधीपासून किती दाबून ठेवायची तेवढं बदलतं, आणि त्यावर गाडी किती खाली बसणार ते ठरतं. मिस्त्रीनं त्याला हे आपल्या भाषेत सांगितलं. ते छापण्याजोगं नव्हतं, पण बरोबर होतं. पुन्हा मोजलं तर ५० आलं. पंधरा मिलिमीटर वाचले होते! अर्ध्या इंचाहून अंमळ जास्त. चवड्यांवरून मी बोटांच्या मुळांपर्यंत आलो होतो.

मिस्त्रीच्या मते काम इथं संपलं होतं. गर्दीच्या मते अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. आणि नेमका तेव्हाच माझा मेव्हणा कामोठ्याहून स्वतःच्या गाडीवर येऊन पोचला. त्याची उंची माझ्याहून एक इंच कमी आणि आत्मविश्वास फूटभर जास्त. त्यानं ‘लोअरिंग लिंक’ बसवली होती. मागच्या शॉकअपला आणि चिमट्याला जोडणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या काढून वेगळ्या मापाच्या घातल्या की गाडीचं मागचं अंग दीड इंच खाली येतं. कुरियरनं घरपोच. तो गाडीवरून दोन्ही तळवे सपाट टेकवून बसला आणि सगळ्यांकडे बघितलं. मग साइड स्टँड लावून उतरला.

गाडी दीड इंच खाली आली होती. साइड स्टँड तेवढाच होता. त्यामुळे ती स्टँडवर डावीकडे कलायच्या ऐवजी शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावी तशी ताठ उभी होती. शेजारून कचऱ्याची गाडी गेली, वाऱ्याचा झोत आला, आणि ती संथपणे उजव्या अंगाला, चहावाल्याच्या बाकड्यावर पडली. बाकड्यावर तेव्हा कुणी नव्हतं. मेव्हणा म्हणाला की जमीन उतरती आहे.

मग एकेक निघत गेलं. स्टँड कापून वेल्डिंग करून घ्यावा लागणार होता. मधला स्टँड लावायचा तर गाडी आधीपेक्षा दीड इंच जास्त उचलावी लागत होती, ते काम तो सोसायटीच्या वॉचमनकडून करून घ्यायचा. हेडलाइट समोरच्या रस्त्यावर न पडता समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडत होता, तिथल्या मंडळींनी तक्रार केली होती. चेनचा ताण पुन्हा बघावा लागणार होता. गर्दीत एक आजोबा होते, घाटावरचे, लहानपणी घरी बैलगाडी पाहिलेले. त्यांनी काठीचं टोक मेव्हण्याच्या मागच्या चाकाकडे रोखलं आणि म्हणाले, “उलाळ झालीय की रं गाडी. वझं मागं गेलंय.” मिस्त्रीनं मान डोलावली. तो तेच सांगत होता : मागचं अंग खाली आलं की पुढचं वर राहतं, हँडल जड लागतं, वळणाला गाडी आढेवेढे घेते. उपाय आहे, पुढचे फोर्क ‘टी’मधून थोडे वर सरकवायचे, म्हणजे पुढचं अंगही उतरतं. पण मग गाडी चारी अंगांनी खाली, आणि पोटाखालची जागा गेली. मेव्हण्यानं खड्ड्यांसाठी म्हणून उंच गाडी घेतली होती, ती आता सोसायटीच्या गतिरोधकाला पोट घासून घरात शिरायची.

“कायद्यात बसतं का हे?” कुणीतरी विचारलं. पनवेलमध्ये हा प्रश्न नेहमी शेवटी येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेली गाडीची मूळ ठेवण मालकानं बदलायची नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. कॉलर कंपनीनंच फिरवायला दिलेली आहे, तिचा प्रश्न नाही. वेगळी लिंक, कापलेला स्टँड, यांचं काय ते आरटीओला माहीत. मालकाची मूळ ठेवण बदलण्याबाबत कायदा काही म्हणत नाही. मेव्हण्यानं त्या दृष्टीनं जाड तळाचे बूट आधीच घेऊन ठेवले होते.

पैसा असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. हार्लेनं २०२१ मध्ये पॅन अमेरिका नावाची गाडी काढली, तिच्या वरच्या मॉडेलमध्ये अशी सोय मिळते की थांबायची वेळ आली की गाडी आपणहून इंच-दोन इंच खाली बसते, आणि निघाल्यावर परत उंच होते. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसलाही तशी व्यवस्था घेता येते, तीन सेंटिमीटर खाली. आमच्या घरात अशी नम्रता फक्त मांजर दाखवतं, तेही दुधाच्या वेळी. इथंच पलीकडे उलव्याला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथं उतरणाऱ्या विमानाची दारं जमिनीपासून कितीतरी वर असतात. पण दार उंच आहे म्हणून कुणी प्रवाशाला एका पायावर उडी मारायला सांगत नाही, शिडी लावतात. टपाल नाक्याच्या सिग्नलला एक शिडी लावायला हरकत नसावी, असा अर्ज करायचं मनात होतं. बायकोनं करू दिला नाही.

शेवटी मिस्त्रीनंच मला सीटवाल्याकडे धाडलं. “स्प्रिंगमदी आता काय नाय. सीट बगा.” सीटवाला रिक्षांची कुशनं शिवतो, मोटारसायकलची कामं मधे मधे घेतो. त्यानं माझी सीट हातात घेतली, उंचीकडे बघितलंच नाही, रुंदीकडे बघितलं. सीट पुढे, टाकीजवळ, पाटाएवढी रुंद होती. म्हणजे पाय सरळ खाली न जाता आधी बाहेर जायचा आणि मग खाली, आणि त्या वळशातच इंचभर पाय संपायचा. हे इतकं उघड होतं की इतके दिवस मिलिमीटर मोजणाऱ्या सगळ्या पनवेलकरांची मला गंमत वाटली. त्यानं रेक्झिन उचकटलं, फोमवर बॉलपेननं दोन वाकड्या रेघा मारल्या आणि करवतीच्या पात्यानं मांड्यांकडच्या दोन्ही कडा तासल्या. मग वरूनही बोटाच्या पेराएवढा थर काढला. पिवळा फोम जमिनीवर पडत गेला. रेक्झिन ताणून परत पिना मारल्या. मी बसलो, पाय सोडले. टाचा टेकल्या नाहीत, पण टाचांच्या आणि जमिनीच्या मधे आता फक्त बिलाचा कागद मावला असता. बूट घातल्यावर तोही नाही.

बसायला सीट कडक झाली, हे खरं. कर्नाळ्याच्या पुढे गेलं की जाणवतं. बायकोनं मागचा भाग कापू दिला नाही, त्यामुळे ती आता माझ्याहून पुरती वर बसते आणि माझ्या डोक्यावरून सगळा रस्ता बघून सूचना देते.

पैसे देत होतो तेवढ्यात खारघरचा एक मुलगा आला. सहा फूट दोन तरी असावा. त्याची गाडी साधी होती, कॉलेजला जायची, आणि तिच्यावर बसला की त्याचे गुडघे हँडलला लागायचे. घाट चढताना पायात गोळे येतात, म्हणाला. सीट दोन इंच उंच करून हवी होती. सीटवाल्यानं त्याला बसवून बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं, खाली वाकला आणि माझा फोम उचलला. चापट लावून धूळ झाडली, सोल्यूशन लावलं, त्या मुलाच्या सीटवर दाबून बसवला. कापायचे पैसे माझ्याकडून घेतले होते. फोमचे त्याच्याकडून घेतले.

“हा माझा आहे,” मी म्हणालो.

“होता, काका,” सीटवाला म्हणाला आणि रेक्झिन ओढलं.